नवी हार्ड डिस्क कां दिसत नाहीं?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा विषय दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा आहे, इतिहासाचा नव्हे. परंतु ज्या अडचणीमागें चाळीस वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे, तिला इतिहास नाहीं असें कसें म्हणावें? अडचण अशी. घरच्या संगणकांतील जागा भरली म्हणून, किंवा तो फार मंद चालतो म्हणून, कोणी गृहस्थ बाजारांतून नवी हार्ड डिस्क आणतो. ती पेटींत नीट बसवितो. पेन ड्राइव्ह लावून विंडोज किंवा लिनक्स चढवावयास आरंभ करतो. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, असे दोन-चार प्रश्न होतात. आणि मग ही ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर घालावयाची, असें विचारणारें पान येतें. त्या पानावर नवी डिस्क दिसावयास हवी. पण यादी रिकामी! पैसे मोजून आणलेली वस्तु हाताशीं आहे, आणि यंत्र मात्र ती नाहींच म्हणून सांगत आहे.

अशा वेळीं दोन चुकीचे निर्णय घेतले जातात. एक, डिस्क खराब निघाली असें समजून ती दुकानदारास परत करणें. दुसरा त्याहून घातक. तो म्हणजे घाईघाईनें हाताला लागेल ती आज्ञा देऊन भलतीच, भरलेली डिस्क पुसून टाकणें. पहिल्यानें वेळ व पैसा जातो. दुसऱ्यानें वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें, हिशेब, पत्रें जातात. आणि तीं बहुधा परत मिळत नाहींत. हे दोन्ही अनर्थ टाळावयाचे तर 'न दिसणें' म्हणजे नक्की काय, हें समजून घेतलें पाहिजे. आणि तें समजण्याचा सोपा मार्ग ह्या अडचणीच्या इतिहासांतूनच जातो.

शाळेंतील एक उदाहरण घेऊं. वर्गांत नवा मुलगा येऊन बसला आहे; परंतु हजेरीपटांत त्याचें नांव चढलेलें नाहीं. मास्तर हजेरी घेतात तेव्हां त्याचें नांव पुकारलें जात नाहीं, आणि कागदोपत्रीं तो गैरहजर ठरतो. मुलगा खरोखरच आला नसेल, किंवा आला असून पटावर नसेल, किंवा पटावर असून दुसऱ्या तुकडीचा म्हणून त्याला बसूं दिलें नसेल. ह्या तीन गोष्टी निराळ्या आहेत, व त्यांचे उपायही निराळे आहेत. डिस्कचेंही असेंच आहे. ती दिसावी म्हणून तिघांचें एकमत व्हावें लागतें. पहिली स्वतः डिस्क. दुसरा मदरबोर्डवरील कायमचा लहानसा प्रोग्राम, ज्यास आपण बायोस म्हणतों. आणि तिसरा ऑपरेटिंग सिस्टिम चढविणारा सेटअप. तिघेही निरनिराळ्या कारखान्यांतून आणि निरनिराळ्या वर्षीं बाहेर पडलेले असतात. अडचणीचें मूळ येथेंच आहे.

प्रारंभीं ही अडचण नव्हती. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील आपल्या प्रयोगशाळेंत तयार झालेली पहिली डिस्क रॅमॅक नांवाच्या यंत्राबरोबर बाजारांत आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन सुमारें एक टन, आणि सांठवण पन्नास लाख अक्षरांची. म्हणजे आजच्या मोबाइलवरील एखाददुसऱ्या छायाचित्राएवढी. परंतु यंत्र आणि डिस्क एकाच घरचीं असल्यामुळें परस्परांची ओळख पटविण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न उपस्थित झाला तो घरगुती संगणकांबरोबर. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची, पांच मेगाबाइटची डिस्क काढली. ती स्वतः मुकी होती. तिच्यांत फिरणारी तबकडी व वाचणारें डोकें एवढेंच होतें. काय वाचावें, कोठें लिहावें, हें ठरविणारी सारी बुद्धि वेगळ्या कार्डावर असे, आणि त्या कार्डास कंट्रोलर म्हणत. १९८३ सालीं आयबीएमनें पीसी एक्सटी हा संगणक दहा मेगाबाइटच्या डिस्कसह विक्रीस काढला, तेव्हां ही डिस्क चालविण्याचें ज्ञान कंट्रोलर-कार्डावरच्या चिपमध्यें ठेवलें होतें. पुढें १९८४ सालच्या पीसी एटीमध्यें निराळी पद्धति आली. बायोसमध्यें डिस्कच्या प्रकारांचा एक तक्ता कोरलेला होता. आरंभीं त्यांत चौदा प्रकार होते. आपली डिस्क कितव्या प्रकारची, हें मालकानें यंत्रास सांगावयाचें, आणि तो क्रमांक एका लहानशा बॅटरीच्या आधारानें स्मरणांत ठेवला जाई.

ह्या व्यवस्थेंतून न दिसण्याचीं पहिलीं दोन कारणें जन्मास आलीं. तक्त्यांत नसलेली डिस्क आणली, तर तिच्याशीं जुळणारा जवळचा क्रमांक देऊन भागवावें लागे. आणि बॅटरी संपली, कीं यंत्र तो क्रमांक विसरून जाई. काल चालणारी डिस्क आज नाहींशी होई. डिस्कमधील एकही अक्षर बिघडलेलें नसे. बिघडलेली असे ती केवळ यंत्राची स्मृति. योग्य क्रमांक पुन्हां भरला कीं सर्व पूर्ववत्. म्हणून जाणते लोक तो क्रमांक कागदावर लिहून पेटीवर चिकटवून ठेवीत.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक व वेस्टर्न डिजिटल ह्या कंपन्यांच्या प्रयत्नांतून कंट्रोलर डिस्कवरच बसविण्याची कल्पना रूढ होऊं लागली. तीच आयडीई पद्धति. १९९४ सालीं तिला एटीए ह्या नांवानें अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. आतां डिस्कला वाचा फुटली. 'तूं कोण?' असें बायोसनें विचारावें, आणि डिस्कनें आपलें नांव व माप सांगावें, अशी सोय झाली. तथापि एका नव्या भानगडीनें प्रवेश केला. चाळीस तारांच्या एकाच रुंद पट्टीवर दोन डिस्का लावतां येत. त्यांपैकीं एक 'मास्टर' व दुसरी 'स्लेव्ह' असें ठरवावें लागे. आणि हें ठरे डिस्कच्या मागील बाजूस बसविलेल्या जंपर नांवाच्या इवल्याशा टोपीवरून. जुन्या डिस्कजवळ नवी लावली आणि दोघींचेही जंपर 'मास्टर'वर राहिले, तर दोघी एकदम उत्तर देऊं लागत, आणि कधीं एक तर कधीं दोन्ही दिसेनाशा होत. ती टोपी काढून योग्य जागीं घातली कीं काम होई.

ह्यापुढचा अडथळा गणिताचा होता, आणि तो मोठा मौजेचा आहे. पुण्यांतील जुन्या पत्त्यांत जशी पेठ, गल्ली आणि घरक्रमांक असतो, तसाच डिस्कवरील प्रत्येक जागेचा पत्ता तीन भागांचा असे: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्यें ५१२ बाइट मावत. बायोसच्या पत्त्यांत सिलिंडर १०२४ पर्यंत, हेड २५६ पर्यंत व सेक्टर ६३ पर्यंतच लिहितां येत. एटीए डिस्कच्या पत्त्यांत सिलिंडर पुष्कळ, पण हेड मात्र सोळाच. दोघांनाही मान्य व्हावा असा पत्ता लिहावयाचा तर प्रत्येक बाबतींत जो आंकडा लहान तोच घ्यावा लागे. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. दोघेही आपापल्या परीनें ह्याहून कितीतरी मोठ्या डिस्का हांकण्यास समर्थ होते. पण एकत्र आल्यावर सुमारें त्रेपन्न कोटींच्या पलीकडे दोघांनाही जातां येईना!

ह्यावर युक्त्या निघाल्या. बायोसनें सिलिंडर कमी करून हेड वाढवून सांगावेत, म्हणजे हेडांची रिकामी राहिलेली जागा उपयोगांत येई; ह्या भाषांतरानें मर्यादा ८४५ कोटी बाइटांवर, म्हणजे ८.४ जीबीवर गेली. पुढें पेठ-गल्लीचा पत्ताच सोडून देऊन सर्व सेक्टरांस एकापुढें एक अनुक्रमांक देण्याची रीत बायोसनेंही स्वीकारली. परंतु तो क्रमांक लिहिण्यास एटीए पद्धतींत २८ बिटांचीच जागा ठेवलेली असल्यामुळें १३७ जीबीवर पुन्हां भिंत उभी राहिली. ती ४८ बिटांच्या क्रमांकानें पाडली. मात्र २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तींत हा मोठा क्रमांक वाचण्याची सोय चालूं नव्हती. ती २००२ सालच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनें आली. त्यामुळें जुन्या सीडीवरून एक्सपी चढविणारास १६० जीबीची डिस्क १३७ जीबीच दिसे. ह्यांत खरा धोका असा कीं, दुसऱ्या संगणकावर पूर्ण भरलेली अशी डिस्क ह्या जुन्या प्रणालीच्या हातीं दिली, तर पलीकडचा मजकूर बिघडण्याचा संभव असे. थोडें दिसणें हें कांहीं वेळां मुळींच न दिसण्याहून वाईट असतें.

२००३ पासून साटा पद्धति रूढ होऊं लागली. रुंद पट्टी जाऊन सात टोंकांची बारीक केबल आली. एका केबलीवर एकच डिस्क. मास्टर-स्लेव्हचा तंटा मिटला. पण ह्या डिस्कशीं पूर्ण क्षमतेनें बोलण्यासाठीं एएचसीआय नांवाची नवी बोली इंटेलनें २००४ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९९० च्या दशकांतील संस्कारांवर वाढलेल्या एक्सपीला ती ठाऊक नव्हती. बायोसला डिस्क दिसे; एक्सपीचा सेटअप मात्र एकही डिस्क सांपडत नाहीं म्हणून थांबे. उपाय असा कीं, सेटअपच्या अगदीं आरंभीं क्षणभर एक सूचना येई, तेव्हां एफ-६ ही कळ दाबावी आणि ड्रायव्हर, म्हणजे त्या बोलीचा दुभाष्या, फ्लॉपीवरून द्यावा. विपर्यास असा कीं, त्याच सुमारास नव्या संगणकांतून फ्लॉपीची खांचच नाहींशी होत होती! मग लोक बायोसमध्यें जाऊन डिस्कला जुन्या आयडीई बोलींत बोलावयास लावीत. त्यानें काम होई. परंतु विंडोज चढल्यावर ती निवड पुन्हां बदलली, तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडे. २००७ सालीं घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टामध्यें ही बोली समाविष्ट झाली, आणि इतर ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून देण्यासाठीं सेटअपच्या पानावरच बटण ठेवलें गेलें. तें बटण आजही तेथें आहे.

२०१० सालीं तीन हजार जीबीच्या, म्हणजे तीन टीबीच्या डिस्का बाजारांत आल्या, आणि १९८३ सालचा एक जुना निर्णय आडवा आला. जमिनीचे तुकडे जसे सातबाऱ्यावर नोंदलेले असतात, तसे डिस्कचे विभाग तिच्या पहिल्याच सेक्टरमध्यें नोंदलेले असतात. ह्या एमबीआर नांवाच्या नोंदींत ३२ बिटांचा आंकडा मावतो, म्हणून २.२ टीबीपलीकडील जमीन तिच्यांत नोंदतांच येत नाहीं. तिच्या जागीं जीपीटी ही नवी नोंदपद्धति आली, व बायोसच्या जागीं यूईएफआय हा नवा प्रोग्राम आला. येथें अडचणीचा प्रकार बदलतो. डिस्क यादींत दिसते. परंतु येथें विंडोज चढवितां येत नाहीं असें सेटअप म्हणतो. त्याचा अर्थ, सेटअप नव्या पद्धतीनें सुरू झाला आहे व डिस्कवरील नोंद जुनी आहे, किंवा ह्याच्या उलट. हजेरीपटाच्या भाषेंत, मुलगा पटावर आहे. तुकडी चुकली आहे. कोरी डिस्क असेल तर नोंद बदलून घ्यावी. भरलेली असेल तर आधीं नक्कल काढावी. कारण सेटअपमधून नोंद बदलतांना जुने विभाग पुसावे लागतात.

फिरत्या तबकडीचें युग मावळूं लागलें, तरी ही कथा संपली नाहीं. चिपांवर लिहिणाऱ्या एसएसडी डिस्कांसाठीं २०११ सालीं एनव्हीएमई ही आणखी एक बोली ठरली. लिनक्सनें ती २०१२ सालीं आत्मसात केली, विंडोजनें २०१३ सालच्या ८.१ आवृत्तींत. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीला ती अज्ञातच राहिली. त्यांतच एम.टू नांवाच्या खांचेनें गोंधळ वाढविला. च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क तिच्यांत बसते खरी. पण सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकीं एक साटा बोलते व दुसरी एनव्हीएमई. कांहीं खांचांना एकच बोली समजते. शिवाय कित्येक मदरबोर्डांवर एम.टू खांच भरली कीं साटाची एखादी जागा आपोआप बंद होते, आणि नवी डिस्क लावल्यावर जुनीच नाहींशी झाल्याचा चमत्कार घडतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेंत हें छापलेलें असतें. परंतु पुस्तिका वाचण्याची संवय कोणाला आहे?

अगदीं अलीकडचा अध्याय २०२० सालचा आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांपासून पुष्कळ लॅपटॉपांवर एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नांवाच्या एका मध्यस्थाच्या पडद्याआड ठेवलेली असते. बायोसला डिस्क दिसते, विंडोज १० च्या सेटअपला पडद्यामागचें दिसत नाहीं, यादी रिकामी. उपाय पुन्हां तोच: दुभाष्या द्यावा. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून, पेन ड्राइव्हवर फोल्डरच्या रूपांत ठेवावा. नुसती स्थापनेची फाइल ठेवून भागत नाहीं. सेटअपला तिच्यांतील मूळ ड्रायव्हर उघडा हवा असतो. अथवा बायोसमध्यें जाऊन व्हीएमडी बंद करावें. उबुंटू ह्या लिनक्सच्या सेटअपनें तर अशा यंत्रांवर ही इंटेलची व्यवस्था बंद करून या, असें सांगण्यास कमी केलें नाहीं. मात्र आंत आधींचें विंडोज असेल तर ह्या बदलानें तें सुरू होत नाहीं, आणि बिटलॉकरचें कुलूप असल्यास किल्लीचा लांब क्रमांक मागितला जाऊं शकतो. म्हणून तो क्रमांक आधीं हाताशीं ठेवावा; आणि यंत्र सुरू न झाल्यास घाबरून पुसापुशी न करितां निवड पूर्ववत् करावी. आणि गंमत पाहा: फ्लॉपी गेली, एफ-६ कळ दाबण्याची सूचना गेली, तरी इंटेल ह्या ड्रायव्हरास अद्याप 'एफ-६ ड्रायव्हर' असेंच म्हणतें. वस्तु नष्ट झाली तरी नांव मागें राहतें, हा भाषेचा नियम यंत्रांच्या जगांतही खरा ठरतो.

आतां ह्या इतिहासाचें व्यवहारांत फळ काय? तें असें कीं, अडचण ज्या क्रमानें रचली गेली आहे, त्याच क्रमानें ती उकलावी. प्रथम संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा आणि बायोसच्या पानावर डिस्कचें नांव पाहावें. तेथेंच नांव नसेल, तर सेटअपला दोष देऊं नये. दोष वीज, केबल, खांच किंवा डिस्क ह्यांपैकीं कशांत तरी आहे. केबल बदलून पाहावी, दुसऱ्या जागीं लावून पाहावी, एम.टू पट्टी पूर्ण आंत जाऊन स्क्रू बसला आहे ना तें पाहावें. २०१६ सालच्या साटा नियमांत वीजजोडणीच्या तिसऱ्या टोंकास 'डिस्क बंद कर' असा नवा अर्थ दिला गेला. त्यामुळें कांहीं मोठ्या डिस्का जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहींत. अशी डिस्क दुसऱ्या संगणकावर उत्तम चालते. म्हणून दुसऱ्या संगणकावर लावून पाहिल्याखेरीज कोणतीही डिस्क मृत ठरवूं नये.

बायोसमध्यें नांव आहे, पण सेटअपच्या यादींत नाहीं, तर दुभाष्याची उणीव आहे. ड्रायव्हर द्यावा, किंवा बायोसमधील व्यवस्था पाहावी. यादींत नांव आहे, पण सेटअप नकार देतो, तर विभागांच्या नोंदीचा प्रश्न आहे. आणि डिस्क दिसते, पण माप कमी दिसतें, तर कोठें तरी पत्त्याचे आंकडे अपुरे पडत आहेत. त्या स्थितींत तिच्यावर कांहींही लिहूं नये.

ह्या सर्वांवर एक नियम आहे. पुसण्याची, विभाग काढून टाकण्याची किंवा फॉर्मॅट करण्याची आज्ञा ही न दिसणाऱ्या डिस्कवरील उपाय कधींच नव्हे. कारण जी दिसत नाहीं तिला ती आज्ञा पोंचतच नाहीं, ती पोंचते दिसणाऱ्या डिस्कला. आणि दिसणारी डिस्क बहुधा जुनी, घरच्या आठवणींनीं भरलेली असते. म्हणून नवी डिस्क बसवितांना, संगणक बंद करून, जुनी काढून बाजूस ठेवावी. कार्य पूर्ण झाल्यावरच ती पुन्हां लावावी. एवढ्या पांच मिनिटांच्या श्रमानें आयुष्यभराची हळहळ टळते.

१९८४ च्या तक्त्यापासून व्हीएमडीच्या पडद्यापर्यंत पाहिलें असतां एकच सूत्र आढळतें. प्रत्येक काळच्या कर्त्यांनीं 'इतकें पुष्कळ झालें' असें समजून चौकट आंखली, आणि कांहीं वर्षांत नवी वस्तु त्या चौकटीबाहेर उभी राहिली. त्यांना अदूरदर्शी म्हणणें अन्यायाचें होईल. १९८३ सालीं दहा मेगाबाइटची डिस्क हाताळणारास दोन लाख पट मोठी डिस्क दिसावी कशी? परंतु आपण त्या चौकटीला जगाची सीमा समजूं नये. यंत्र जेव्हां 'नाहीं' म्हणतें, तेव्हां त्याच्या म्हणण्याचा अर्थ 'माझ्या पटावर नाहीं' एवढाच असतो. तो पट कोणी, केव्हां, कोणत्या मर्यादेंत लिहिला, हें विचारावें. आणि त्याचें उत्तर मिळेपर्यंत नवी डिस्क फेकूं नये व जुनी पुसूं नये.